सोऱ्याची दुरुस्ती

"यंदा तार सरळ नाही," सुनीतीबाई पुटपुटल्या.

बोलल्या त्या स्वतःशीच. पण शारदा हातभर अंतरावर टोपली मांडीशी घेऊन बसली होती, आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या ओसरीवर भर दुपारी पंख्याच्या कुरकुरीखेरीज दुसरा आवाज नव्हता. बाईंनी कुरडई खिडकीच्या उजेडाकडे धरली होती, डॉक्टर एक्स-रे धरतात तशी. कुरडई पांढरी शुभ्र होती, कडकडीत वाळलेली होती. फक्त तिचे वेढे एकाशेजारी एक न बसता मधेमधे लटपटले होते, जणू कुणी चालत्या बैलगाडीत बसून पाडली असावी.

शारदेचा उजवा हात पदराखाली होता. तिनं तो आणखी आत ओढला.

"चकती झिजली बाई सोऱ्याची," ती म्हणाली. "दुरुस्त करून आणतो म्हणाले मंजिरीचे बाबा."

मंजिरीचे बाबा असं काही म्हणाले नव्हते. पण तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर बरं वाटलं. सुनीतीबाईंनाही बरंच वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच कुरडई टोपलीत ठेवली, लोखंडाचं काही खरं नाही म्हणाल्या, आणि नातीच्या लग्नाची गोष्ट काढली. लग्न ज्येष्ठात होतं. रुखवतासाठी रंगीत कुरडया हव्या होत्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, आणि पंगतीसाठी पांढऱ्या वेगळ्या. व्याही नागपूरचे. नागपूरची माणसं रुखवतासमोर उभी राहून काय काय बघतात ते शारदेला सांगायची गरज नव्हती.

सुनीतीबाईंचं घराणं भोसल्यांच्या कारभाराबरोबर रायपुरात आलेलं. त्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली तरी बाई अजून "आम्ही काही इकडचे नव्हे" म्हणायच्या. शारदा गोंदियाकडून लग्न होऊन आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि ती स्वतःला बेधडक रायपूरची म्हणायची. अशा दोन बायकांचं जमतं ते कुरडईवरच.

*

शारदेचं घर भनपुरीच्या मागच्या अंगाला. पुढे ट्रक, टायर, लोखंडाच्या सळया आणि दिवसभर उडणारी काळी धूळ. पण मालधक्क्याची भिंत ओलांडली की एकदम गाव लागायचं. कौलारू घरं, शेणानं सारवलेली अंगणं, एक तळं, आणि पलीकडे धानाच्या कापलेल्या खुंटांची शेतं. नवं राज्य झाल्यापासून शहर रोज थोडं थोडं सरकत इकडे येत होतं. लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या होत्या. पाऱ्यात, म्हणजे या वस्तीत, मात्र बदल एवढाच झाला होता की बोअरचं पाणी मेच्या पहिल्या आठवड्यातच खाली गेलं आणि हापशीतून नुसती हवा येऊ लागली.

कुरडईला पाणी लागतं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास लागतो. मग वाटायचा, पाण्यात कोळायचा, मलमलच्या फडक्यातून गाळायचा, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. सगळं पाण्यावर चालतं. टँकर सकाळी सहाला तळ्याच्या पाळीवर यायचा. बायका अर्धा तास आधीच डबे ओळीनं मांडून ठेवायच्या, आणि डब्यांची ओळ मोडली म्हणून भांडायच्या. शारदेच्या घरचे चार डबे मंजिरी आणायची. एक डोक्यावर, एक कमरेवर, दोन खेपा. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेली पोट्टी, हातात केमिस्ट्रीच्या वहीऐवजी गंजलेला पिपा. पाऱ्यातल्या बायकांना त्याचं कौतुक होतं आणि थोडं समाधानही.

शाळिग्राम, म्हणजे मंजिरीचे बाबा, हमरस्त्यावरच्या धर्मकाट्यावर कामाला होते. ट्रक आला की काट्यावर चढवायचा, वजन बघायचं, पर्ची फाडायची. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक यांच्यातला फरक त्यांना लांबून चाकांवरून कळायचा. घरातलं मात्र काही कळत नाही, अशी त्यांनी स्वतःची ख्याती करून ठेवली होती. त्या दिवशी शारदेनं सोऱ्याची चकती झिजली असं सांगितलं तेव्हा ते काही विचारायला बसले नाहीत. सोऱ्या फडक्यात बांधला, सायकलच्या कॅरियरला लावला आणि शेजारच्या सुकवारोच्या नवऱ्याकडे घेऊन गेले. तो लेथवर काम करायचा.

संध्याकाळी सोऱ्या परत आला. चकती घासून चकचकीत केलेली, दांड्याला तेल.

दुसऱ्या दिवशी सुकवारो परसात शेंगा निवडता निवडता हसत सांगून गेली, की तिचा नवरा म्हणत होता, दीदी के सोऱ्यात काही खराबी नाहीच, भैया उगाच घेऊन आले. मग तिची नजर शारदेच्या हाताकडे गेली आणि ती हसायची थांबली. शेंगा मात्र चांगल्या आहेत म्हणाली.

*

दोन हिवाळ्यांपूर्वी सुरुवात झाली होती ती अंगठ्यापासून. उजव्या हाताचा अंगठा बसल्या बसल्या शेजारच्या बोटावरून फिरू लागला, माळेचा एकेक मणी ओढल्यासारखा. काम करताना थांबायचा, हात मोकळा झाला की पुन्हा सुरू. पाऱ्यातल्या बायकांना आधी वाटलं शारदा जप करते. सुकवारोनं तर चौघींना सांगितलं की शारदा दीदी हरघडी नाम घेत असते, आणि त्या वर्षी भजनी मंडळानं तिला रामनवमीला पुढे बसवलं. शारदेनं जन्मात कधी माळ ओढली नव्हती. पण पुढे जाऊन बसली. देवाच्या नावावर खपतंय तोवर खपू द्यावं, असा तिचा सरळ हिशेब होता.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र कोपरापर्यंत आलं होतं.

चीक शिजवणं हे कुरडईतलं खरं काम. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळी आलं की चीक ओतायचा आणि लाकडी दांड्यानं घोटत राहायचं. सुरुवातीला दूध घोटल्यासारखं वाटतं. मग तो आवळत जातो, दांड्याला धरून ठेवतो, आणि शेवटी शेवटी असं वाटतं की पातेल्यातून कुणीतरी आपल्यालाच खाली ओढतं आहे. शारदेच्या आईनं तिला शिकवलं होतं की एकदा घोटायला घेतलं की हात बदलू नये. ज्या बाईनं सुरू केलं तिनंच संपवायचं. बाई बदलली की जोर बदलतो, जोर बदलला की गुठळ्या होतात. पंचवीस वर्षं शारदेनं या पाऱ्यात दुसऱ्या कुणाचा हात दांड्याला लागू दिला नव्हता. सुकवारो शिकते म्हणून किती वेळा मागे लागली होती. शारदा तिला पातेलं धरायला बसवायची, बस.

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे शारदा पाणी उकळायची वाट बघत होती. मंजिरी उठून आली, दांडा उचलला आणि म्हणाली, "आज मी करतो. कॉलेजमध्ये बसून बसून अंग आखडलं."

तेव्हापासून तीच घोटायची. ना तिनं कधी दांडा परत दिला, ना शारदेनं मागितला. सोऱ्या दाबायचं तेवढं शारदेनं आपल्याकडे ठेवलं होतं, आणि तारेचं जे व्हायचं ते होत होतं.

*

मंजिरीचं बडोदं मेच्या मध्यावर आलं.

कॉलेजात ती राष्ट्रीय सेवा योजनेत होती. पहिल्या वर्षी त्यांनी एका गावात जाऊन तळ्यातली जलकुंभी उपसली, दुसऱ्या वर्षी साक्षरतेचे वर्ग घेतले, आणि तिसऱ्या वर्षी ती आणि तिची मैत्रीण अनुश्री शनिवारी शनिवारी मोठ्या सरकारी दवाखान्यात जायला लागल्या. राजधानी झाल्यापासून दवाखान्यात अख्ख्या राज्यातून माणसं यायची. कुणी बस्तरकडून, कुणी सरगुज्याहून, दोन दोन दिवसांचा प्रवास करून, आणि आल्यावर पर्चीची खिडकी कुठली ते कळायचं नाही. या पोरी छातीला बिल्ला लावून रांगेत फिरायच्या, नाव लिहून द्यायच्या, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायच्या. मंजिरी घरी येऊन तिथल्या गोष्टी सांगायची तेव्हा तिचा चेहरा असा व्हायचा जसा बी. एस्सी.च्या तीन वर्षांत एकदाही झाला नव्हता.

मग तिनं काढलं की समाजकार्यात एम. ए. सारखी डिग्री असते, एम. एस. डब्ल्यू. शाळिग्रामांनी विचारलं, माणसांना रांगेत उभं करायला डिग्री लागते? ती म्हणाली, लागते. ते म्हणाले, बरं. एप्रिलात अनुश्रीबरोबर जाऊन ती बडोद्याच्या विद्यापीठाची परीक्षा देऊन आली आणि यादीत तिचं नाव लागलं. सोबत एक संमतीपत्र होतं. येणार की नाही ते भरून, पालकाची सही घेऊन, जूनच्या पाच तारखेच्या आत टपालात टाकायचं.

शाळिग्रामांनी त्याच संध्याकाळी सही केली. धर्मकाट्याच्या पर्चीवर करतात तशी, खाली दोन रेघा ओढून. मग सगळ्यांनी गूळ खाल्ला. अहमदाबाद एक्सप्रेस रायपूरहून थेट बडोद्याला जाते, गाडी बदलायचीही गरज नाही, हे शाळिग्रामांनी तीनदा सांगितलं.

आणि नंतर त्या घरात बडोद्याचं नाव निघेनासं झालं.

नाव निघालंच तर वाकड्या वाटेनं निघायचं. मंजिरी म्हणायची, इथल्या विद्यापीठातही काय वाईट आहे, केमिस्ट्रीत एम. एस्सी. करून घेईन, सायकलनं जाणं-येणं होतं. शाळिग्राम म्हणायचे, गुजरातेत भाजीत साखर घालतात, पोट्टीचं पोट बिघडायचं. शारदा म्हणायची, वसतिगृहात कसल्या कसल्या मुली असतात. बोलून झालं की तिघंही आपापल्या ताटात बघायचे. भाजीतल्या साखरेवरून कुणी आयुष्याचे निर्णय घेत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं.

*

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला. सकाळी आठलाच अंगणातली जमीन पायाला चटके देऊ लागली. मलमलचं फडकं विरलं होतं, म्हणून बुधवारी पंडरीच्या कापडबाजारात जाऊन नवं आणते असं शारदेनं घरात सांगितलं. खरं तर ती दवाखान्यात निघाली होती. मंजिरी शनिवारी जाते, म्हणजे बुधवारी तिथं ओळखीचं कुणी भेटायचं नाही, असं तिनं धरलं होतं. परीक्षा संपल्यापासून पोरगी बुधवारीही जाते, हे तिच्या लक्षात राहिलं नाही.

टेम्पोतून उतरली तेव्हा घामानं पाठ भिजली होती. दवाखान्याच्या फाटकावर राज्याचं नवं नाव रंगवलं होतं. रंग एकाच हाताचा दिला असावा, कारण खालून जुनं मध्यप्रदेश अजून दिसत होतं. रांग दारातून बाहेर, निंबापर्यंत आली होती. शारदा उभी राहिली. पाऊण तासात ती निंबाच्या सावलीतून उन्हात आली आणि उन्हातून व्हरांड्यात. पुढे सहा बायका उरल्या तेव्हा तिला मंजिरी दिसली.

शारदेनं पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला.

मंजिरी तिच्याकडे पाठ करून, रांगेच्या सुरुवातीला भिंतीशी टेकून बसलेल्या एका म्हातारीपुढे उकिडवी बसली होती. म्हातारी गावाकडची, लुगडं गुडघ्यापर्यंत, पायात काही नाही. एक हात तिनं काखेत दाबून धरला होता. मंजिरीनं तो हळूच सोडवला, आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात सुटल्याबरोबर थरथरायला लागला.

"कब ले कांपत हे, दाई?"

म्हातारी म्हणाली, कापत नाही बेटी, थंडी वाजते.

"जेठ मं जाड़, दाई?" ज्येष्ठात थंडी? मंजिरीनं विचारलं आणि हसली. म्हातारीही बोळक्या तोंडानं हसली. मग मंजिरी हसू न मोडता म्हणाली, "लुका झन. डॉक्टर ला देखा." लपवू नको, डॉक्टरला दाखव. एवढं सोपं. जसं कुणी कुणाला पाणी पी म्हणतं.

म्हातारीला आत सोडून ती उठली. अनुश्री शेजारी वही घेऊन उभी होती. त्या दोघी शारदेपासून चार पावलांवर होत्या. या पोरी आपसात कायम हिंदीतच बोलायच्या.

"तुझे सबसे पहले कैसे दिख जाता है रे?" अनुश्रीनं विचारलं.

"घर में देखती हूं ना. रोज."

"तो मां को लाती क्यों नहीं यहां?"

मंजिरीनं आधी छातीवरचा बिल्ला सरळ केला. मग म्हणाली, "वो छुपाती है. पूछूंगी तो उसका मुंह उतर जाएगा."

"और बडोदा? तारीख निकल जाएगी."

"बडोदा का क्या," मंजिरी म्हणाली. "घोटेगा कौन?"

शारदेच्या मागचा माणूस म्हणाला, अम्मा, आगे बढ़ो. शारदा रांगेतून बाजूला झाली, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि पाऊण तास उभं राहून मिळवलेली जागा सोडून फाटकाबाहेर आली. बरंच चालून गेल्यावर तिला आठवलं की मलमल घेतली नाही तर बहाणा उघडा पडेल. मग त्या उन्हात पंडरीपर्यंत पायी गेली. दुकानदारानं ठाण उलगडून फाडून दिलं. तिनं ते डाव्या हातात घेतलं.

*

त्या दिवसापासून तिला घर वेगळंच दिसू लागलं.

तिच्या चहाचा कप अर्धाच भरलेला असायचा. शाळिग्राम सकाळी चहा करायचे, आणि त्यांचा नि मंजिरीचा कप काठोकाठ असायचा. हे कधीपासून? लोणच्याच्या बरणीचं झाकण नुसतं टेकवलेलं असायचं. तिच्या पोलक्यांची हुकं काढून मंजिरीनं टिच बटणं लावली होती आणि आता हीच फॅशन आहे म्हणाली होती. पाण्याचा डबा ओट्यावर न ठेवता खाली ठेवलेला, वर उचलावा लागू नये म्हणून. सुईत दोरा ओवून ठेवलेला. अख्खं घर तिच्या एका हाताला वाट देऊन मुकाट्यानं सरकून बसलं होतं आणि तिला वाटत होतं आपण लपवतो आहोत.

मंजिरीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात तिला संमतीपत्र सापडलं. शारदा शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती. पुढचं वाचायला ती मंजिरीच्या पाठ्यपुस्तकांवरूनच शिकली, मंजिरीबरोबर, एकेक इयत्ता मागे राहून. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण शाळिग्रामांच्या सहीखालच्या दोन रेघा ओळखू आल्या. वरची जागा कोरी होती. तिनं कागद होता तसा घडी करून ठेवला.

त्या संध्याकाळी शाळिग्राम जेवायला बसले तेव्हा तिनं विषय काढला. म्हणाली, "मी म्हणतो, माह्या हाताचं..."

शाळिग्रामांचा घास थांबला. "सोऱ्या आणखी अटकून राहिला का?" ते म्हणाले. "तेल देऊन देतो जरा." आणि अर्ध्या ताटावरून उठले. सोऱ्या घेऊन अंगणात बसले, आणि जे यंत्र चांगलं चाललं होतं त्याला कितीतरी वेळ चिंधीनं पुसत राहिले. शारदा दारातून बघत होती. त्यांची पाठ तिच्याकडे होती. त्यांचे खांदे बघून तिला वाटलं, या माणसाला आज आणखी काही बोलू नये.

तिसरी जून उजाडली. रुखवताचा शेवटचा घाणा त्या दिवशी होता.

*

पाचलाच चूल पेटली. अंगणात एका ओळीत चार खाटा, त्यांवर ओली धोतरं पसरलेली. चिकाचे तीन वाटे करून ठेवले होते, रंग घालायला. मंजिरी ओढणी कमरेला खोचून दांडा घेऊन उभी होती; सुकवारो पातेल्याचे कान फडक्यानं धरून बसली होती. पाण्याला उकळी आली, मंजिरीनं चीक ओतला आणि घोटायला सुरुवात केली.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि सुनीतीबाई उतरल्या. रंग बघायला आले म्हणाल्या. शारदेच्या सव्वीस वर्षांत बाई भनपुरीच्या या अंगाला कधी आल्या नव्हत्या. शाळिग्रामांनी धावत जाऊन घरातली एकुलती खुर्ची आणली. बाई बसल्या आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पितळेचा जुना सोऱ्या होता, चांगला वजनदार, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"माझ्या सासूबाईंचा आहे," बाई म्हणाल्या. "पडूनच होता. म्हटलं, तुझा झिजलाय तर हा वापर."

असं म्हणताना त्यांनी शारदेकडे बघितलं नाही, चुलीतल्या जाळाकडे बघितलं. तेव्हा शारदेला कळलं की बाईंनाही ठाऊक आहे. त्या दिवशी ओसरीवरच कळलं असणार. आणि आज एवढ्या उन्हाच्या दिवसांत रिक्षा करून, सासूबाईंचा सोऱ्या मांडीवर घेऊन त्या आल्या त्या एवढ्यासाठीच, की शारदेची तोंडातून निसटलेली थाप खरी व्हावी. शारदेला हसू आलं. तिनं सोऱ्या डाव्या हातानं घेतला, फार छान आहे म्हणाली.

चीक आवळू लागला होता. मंजिरीच्या दंडाची शीर तटतटून वर आली होती. कपाळावरचा घाम ती खांद्याला पुसत होती, पण दांडा थांबत नव्हता. बाई काही वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, बडोद्याचं काय ठरलं ग तुझं?

"नाही जात, काकू," मंजिरी म्हणाली. श्वास लागलेला, पण आवाज मुद्दाम हलका. "इथलंच बरं आहे. सायकलनं जाता येते."

शाळिग्राम म्हणाले, तिकडे भाजीत साखर घालतात. सुकवारो म्हणाली, हव, दूरही किती. सुनीतीबाई म्हणाल्या, चांगलंच झालं, पोरीनं डोळ्यांसमोर असावं, आणि आम्हाला कुरडया मिळतील. सगळ्यांचं बोलून झालं. सगळ्यांनी बोलताना कुठे ना कुठे बघितलं. कुणी चुलीत, कुणी खाटेकडे, कुणी आभाळात. आभाळ स्वच्छ होतं, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शारदेनं पितळी सोऱ्या खाली ठेवला.

"सुकवारो," ती म्हणाली, "दांडा घे."

सुकवारोला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मंजिरी घोटत घोटतच म्हणाली, "आई, अर्धं झालं आहे. आता हात बदलला तर गुठळ्या होतीन."

"होऊ दे. घे वं सुकवारो."

सुकवारो उठली, तिनं पदर खोचला, मंजिरीच्या हातातून दांडा घेतला. पहिला वेढा तिला जमला नाही; दांडा चिकात रुतला आणि तिची कोपरं वर गेली. शाळिग्राम पुढे होऊन पातेल्याचे कान धरायला बसले. शारदेनं सांगितलं, खांद्यातून लाव जोर, मनगटातून नको, तळ खरवडत ये. सुकवारोनं ओठ दाबले आणि दुसरा वेढा घातला. तिसरा बरा गेला. एक गुठळी वर आली, तिनं ती पातेल्याच्या भिंतीला लावून चिरडली आणि न सांगताच पुढे घोटत राहिली. शारदेनं ते बघितलं.

मंजिरी मोकळे हात घेऊन उभी होती. त्या हातांचं आता काय करायचं हे तिला कळत नसावं. तळव्यांना दांड्याचे लाल वळ उठले होते.

शारदेनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर मांडीवर ठेवला. अंगठा आपल्या चालीनं बोटावरून फिरत राहिला, मनगट थरथरत राहिलं. आधी कुणीच बघितलं नाही. मग मंजिरीनं बघितलं, आणि तिच्यामागून सगळ्यांनी. शाळिग्राम पातेल्याचे कान सोडू शकत नव्हते, त्यांना उठून जाता येईना.

"माहा हात कापते," शारदा म्हणाली. "दोन वर्षं झाले. तुमाले सगळ्याइले माहीत आहे, अन् मलेबी माहीत आहे का तुमाले माहीत आहे. बुधवारी मी दवाखान्यात जातो, त्याले काय म्हणते डॉक्टर ते आइकतो. पण मंजिरी, तू सायकलसाठी नाही राहून राहिली इथं. तू माह्या हातासाठी राहून राहिली. अन् ते मले नाही पाहिजे. तू बडोद्याले जाय."